कोण किती पाण्यात

रात्रपाळीला मी आत शिरते
तेव्हा मारिनस जागाच असतो.
उशीखालून आखीव वही निघते.
डावीकडे आम्ही, उजवीकडे तुम्ही.
"हं, न्थाबेलेंग, आज काय मोजायचं?"
चाळीस वर्षं झीलंडच्या किनाऱ्यावर
त्यानं समुद्राचे बांध मोजले,
आता नव्वदीत देश मोजतो.

आयुर्मान.
डाव्या रकान्याला तो स्वतःच पुरावा.
उजवीकडे मी भावाचं वय सांगते, एकतीस.
"मी सरासरी विचारली," म्हणतो,
आणि मग पेन्सिल थांबते.
खोडरबर शोधू लागतो,
लिहिलेलं तर काहीच नाही.

रस्ते.
तुमचे असे, की सायकलवर भरला पेला घेऊन जावं.
आमच्या मोखोटलाँगच्या डोंगरात
दवाखाना घोड्यावरून पाच तास,
बर्फ पडलं की पाच या आकड्याला अर्थ नाही.
भाऊ घोड्यावरच होता.

आता कुणाला वाटेल, मी म्हणणार,
इथे पैसा आहे पण माया नाही.
मारिनसची लेक याकोमीना दर बुधवारी येते,
त्याची नखं कापते, कवळीवरून भांडते,
जाताना माझ्याही हातात चीजचा तुकडा ठेवते.
आणि आमच्याकडे माझ्या आईशी
शेजारीण दोन हिवाळे बोलली नव्हती,
एका मेंढीपायी.
मायेचा रकाना नकोच.

मेंढ्या, बरं आठवलं.
त्याच्या काकाच्या चारशे होत्या.
आमच्या बावीस, पण नावानिशी.
"नावं सांग."
मी सांगत जाते, तो बोटांवर मोजत जातो,
अठराव्या नावाला घोरू लागतो.
उरलेल्या चार मी मनात हाकते.

राष्ट्राची ताकद,
हे त्यानं ठळक लिहून ठेवलंय,
खाली दोन्हीकडे कोरं.
"पंप," एकदा म्हणाला. "रात्रंदिवस चालतात."
"आणि बंद पडले तर?"
"तर तू बसली आहेस तिथे मासे फिरतील."
हे अभिमानानं म्हणाला की भीतीनं,
तेवढी डच मला अजून येत नाही.

आमच्याकडेही पाणीच.
उंचावर अडवलेलं, बोगद्यातून
शेजारच्या श्रीमंत देशाला विकलेलं.
तुम्ही पाणी घालवायला पैसे मोजता,
आम्ही पाणी घालवून पैसे मोजतो.
"म्हणजे तुझ्या आत्याकडे नळ असणार."
नाही, मारिनस. ती बादली घेऊन झऱ्यावर जाते.
वाटेत उजव्या हाताला धरण दिसतं.
फार देखणं दिसतं.

मागच्या मंगळवारी वादळ आलं.
काचा थरथरत होत्या, वही मिटलेलीच होती.
तो पहिल्यांदाच त्रेपन्न सालावर आला.
घराचं छप्पर, फेब्रुवारी, दोन रात्री.
"तिघं चढलो," म्हणाला,
आणि दोन बोटं वर केली.
मी त्याचे पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळले,
आमच्याकडे खांद्यावर घेतात तसं जाड ब्लँकेट,
माझंच.

"तुमच्या देशात सगळ्यात खालची जागा कुठली?"
"एक नदी आहे. तिथे चौदाशे मीटर."
"सगळ्यात उंच नव्हे, खालची विचारतोय."
"खालचीच."
बराच वेळ तो छताकडे पाहत राहिला.
या खोलीची पातळी त्याला पाठ आहे,
उणे दीड.
"चौदाशे," तो पुटपुटला,
मेंढीला हाक मारावी तसं,
पुन्हा एकदा, आणखी हळू.

दूरवर पंप चालू होते,
बहुतेक.

पहाटे नोंदवहीत मी लिहिलं:
झोप साडेतीन तास. ताप नाही.
पाणी, दोन पेले.